पत्ता नसलेल्याने पत्ता मागावा कसा?

संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. तो एक क्रमांकच असतो. १९८०च्या दशकात डिस्क नसलेले संगणक आले आणि पंचाईत झाली. वीज गेली, की त्यांना स्वतःचा पत्ताही आठवत नसे. तो कोणाला विचारावा, तर उत्तर यायचे कुठे?

आधार एकच होता: इथरनेट कार्डात कारखान्यातच नोंदलेला ४८ बिटांचा क्रमांक. यंत्राने तो पुकारावा आणि यादी बाळगणाऱ्या सर्व्हरने पत्ता कळवावा, अशी 'रार्प' पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठातील चौघांनी १९८४ मध्ये मांडली. पण ही हाक राउटरपलीकडे जात नसे. बिल क्रॉफ्ट व जॉन गिल्मोर यांच्या 'बूटपी'ने १९८५ मध्ये ती अडचण सोडवली. यादी मात्र माणसानेच भरायची.

१९९३ मध्ये राल्फ ड्रॉम्स यांच्या 'डीएचसीपी'ने पत्ता मुदतीवर, जणू भाड्याने देण्याची सोय केली. निम्मी मुदत सरली, की यंत्र ती वाढवून मागते. यातली खरी हुशारी मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. मुदत 'अमुक तारखेपर्यंत' अशी नसते, 'आतापासून इतके सेकंद' अशी असते. त्यामुळे आजची तारीखही ठाऊक नसलेल्या एखाद्या छोट्या तापमापक यंत्राचे काम अडत नाही. सेकंद मोजता आले की पुरे.

वीज परत आल्यावर शेकडो यंत्रे एकदम ओरडली तर? (वर्गात हे कसे होते, ते शिक्षकांना सांगायला नको!) म्हणून उत्तर न आल्यास ४, ८, १६ असे वाढत्या सेकंदांनी, तेही प्रत्येकाने एखाद्या सेकंदापर्यंत मागेपुढे करून पुन्हा विचारावे, असे १९९७च्या सुधारित नियमांत सुचवले आहे.