साळुंखे, साळुंकी आणि सोकोलोव

विट्यात आणि सगळ्या खानापूर तालुक्यात साळुंखे आडनावाला तोटा नाही, आणि साळुंकीलाही नाही. काळं डोकं, तपकिरी अंग, डोळ्याभोवती पिवळी कातडी. नांगरामागून ती तुरुतुरु चालते, ढेकळातली अळी टिपते आणि उडाली की पंखातला पांढरा ठिपका लख्ख दिसतो. दोन्ही नावं कानाला इतकी जवळची की साळुंखे हे साळुंकीवरूनच आले, असं कुणीही सहज सांगून जातं. मला ते पटत नाही. का, ते सांगायला आधी रशियापर्यंत जाऊन यावं लागेल.

तिकडे सोकोलोव हे अगदी घरोघरी सापडणारं आडनाव. ‘सोकोल’ म्हणजे ससाणा. बाप्तिस्म्याच्या नावाखेरीज घरात पाखराच्या नावानं हाक मारायची तिथे जुनी रीत होती. त्या नावाला ‘ओव’ जोडलं की ‘कुणाचा?’ या प्रश्नाचं उत्तर मिळतं: सोकोलचा. बाई असेल तर सोकोलोवा. याच चालीनं हंसाचा लेबेदेव, चिमणीचा वोरोब्योव आणि गरुडाचा ओर्लोव. हिंदुस्थानातून गेलेला जो ‘ओर्लोव’ हिरा क्रेमलिनमध्ये आहे, त्याला ज्या घराण्याचं नाव मिळालं ते हेच. १९६६ साली वयाच्या सोळाव्या वर्षी चायकोव्स्की स्पर्धा जिंकणारा पियानोवादक ग्रिगोरी, हा सोकोलोव. आणि शोलोखोव यांच्या कथेतला आंद्रेय, युद्धात बायकापोरं गमावूनही एका अनाथ मुलाला पोटाशी धरणारा ट्रकचालक, तोही सोकोलोवच.

आपल्याकडे पाखराचं आडनाव होतं ते निराळ्या रीतीनं. कावळा–कावळे, होला–होले, पारवा–पारवे, ससाणा–ससाणे. आकारान्त पुल्लिंगी नामाचं अनेकवचन करायचं, तेच आदरार्थी रूप आणि तेच आडनाव. रशियात ससाण्याचा मुलगा सोकोलोव होतो. आपल्याकडे अख्खं घरच ससाणे होतं. सोकोलोवचा मराठी भाऊबंद शोधायचा तर तो हा ससाणे.

हीच कसोटी आता साळुंकीला लावू. पाखराचं नाव स्त्रीलिंगी आणि ईकारान्त, त्याचं अनेकवचन साळुंक्या. त्यातून ‘साळुंखे’ कसं निघणार? अभ्यासकांनी या आडनावाचं मूळ चालुक्यांशी जोडलं आहे आणि मला तोच रस्ता बरोबर वाटतो. बदामीच्या कड्यावरच्या इ.स. ५४३ च्या लेखात ‘चलिक्य’ असं रूप आहे. पुढे चलुक्य, चालुक्य. गुजरातेत अणहिलवाड पाटणचे चौलुक्य बोलीत सोळंकी झाले, म्हणजे ‘च’चा ‘स’ तिथेही झाला. राजघराणी वेगळी, पण नावाची ठेवण एकच. विट्याच्या परिसरातले गलाईवाले सोन्याचांदीच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत. परमुलखातल्या एखाद्या सराफ पेठेत गुजरातचा सोळंकी आणि खानापूर तालुक्यातला साळुंखे समोरासमोर बसले, तर पंधराशे वर्षांपूर्वीच्या एकाच शब्दाची दोन पोरं भेटली म्हणायची.

मग ‘चालुक्य’ कशावरून? पुढच्या काळातल्या राजकवींनी त्याला ‘चुलुक’ हा संस्कृत शब्द जोडला. चुलुक म्हणजे ओंजळ, आणि ब्रह्मदेवाच्या ओंजळीतून मूळपुरुष जन्मला अशी ती कथा. बिल्हणाच्या ‘विक्रमांकदेवचरिता’त ती आहे. व्युत्पत्ती म्हणून मी तिच्यावर भार टाकणार नाही. पण सकाळी उठून आपण जी चूळ भरतो, ती याच चुलुकाची, हे मात्र खरं.

मोऱ्यांचं प्रकरण याहून गोड आहे. मोर हे अकारान्त नाम. एक मोर, दहा मोर. तेव्हा ‘मोरे’ हे सरळ अनेकवचन नव्हे. ते मौर्य, प्राकृतात मोरिय, यावरून आलं असं मानतात. जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांमुळे हे नाव साताऱ्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. पण खुद्द मौर्य कुठले? बौद्ध परंपरा त्यांचं नाव मोरांशी जोडते, आणि हेमचंद्रानं चंद्रगुप्ताचं आजोळ मोर पाळणाऱ्यांच्या गावात दाखवलं आहे. म्हणजे मोऱ्यांत मोर आहे, फक्त तो दोन हजार वर्षांचा वळसा घेऊन आला आहे. आणखी एक योग असा की शके ५५६ च्या, म्हणजे इ.स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात चालुक्य पुलकेशीनं कोकणच्या मौर्यांना जिंकल्याची नोंद आहे. आज त्याच नावांची घरं एकमेकांत सोयरिकी करतात.

सोयरीक म्हटली की देवक आलं. मराठा कुळांच्या याद्यांत मोऱ्यांचं देवक मोराचं पीस, आणि काही याद्यांत साळुंख्यांचं देवक साळुंकीचं पीस दिलेलं आहे. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. नाव राजघराण्यातून आलं, बोलता बोलता ते पाखरासारखं वाजू लागलं, आणि मग कुळानं त्या पाखरालाच आपलं मानून लग्नात पूजेला बसवलं, असा याचा क्रम मी लावतो. मोऱ्यांत मोरावरून नाव झालं; साळुंख्यांत नावामुळे साळुंकी घरात आली.