कासवाची राखण

वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, प्राचीन वत्सगुल्म. समुद्र येथून शेकडो मैल दूर. तरी देवळात गाभाऱ्यापुढील दगडी कासवाला हात जोडल्यावाचून आम्ही पुढे जात नाही. अशा या पूज्य प्राण्याशी मनुष्य प्रत्यक्षात कसा वागला, हे पाहू गेल्यास मात्र मान खाली घालावी लागते.

अटलांटिक महासागराच्या मध्यावर असेन्शन नावाचे एकाकी बेट आहे. ब्राझीलच्या किनाऱ्याशी चरणारी हिरवी कासवे दोन हजारांहून अधिक किलोमीटर पोहून तेथे अंडी घालण्यास येतात. १८१५ मध्ये नेपोलियनला सेंट हेलेनावर कैदेत ठेवल्यावर इंग्रजांनी असेन्शनवर ठाणे बसविले. वाळूवर आलेली मादी उताणी केली की तिचे काही चालत नाही. अशा माद्या तळ्यांत जिवंत ठेवीत आणि शिपायांस व जहाजांस त्यांचे मांस पुरवीत. विसाव्या शतकात हा व्यापार बंद पडला व कासवांची संख्या पुन्हा वाढली. बेट लहान, सत्ता एक. तेथे हुकूम पुरला.

आमच्या कोकणचे तसे नव्हे. किनारा लांब, गावे पुष्कळ. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, तरी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी उकरून नेली जातच होती. नाना फडणिसांचे मूळ गाव वेळास. तेथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने काम आरंभिले. वाळूतील माग ओळखणारी गावचीच माणसे राखणीस घेतली. शंभराच्या आसपास अंडी असलेले एकेक घरटे ती कुंपणात हलवू लागली; सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले समुद्राकडे धावू लागली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांच्या राहण्याजेवण्यातून गावास चार पैसेही मिळू लागले. उकरणारा हातच राखणारा झाला, हे या इतिहासाचे सार होय.

पण एका गावाची राखण पुरत नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खुणेचा बिल्ला लावलेली मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. तिला पूर्व काय नि पश्चिम काय, किनारा एकच. दगडी कासवापुढे जुळणारे आमचे हात जिवंत कासवाच्याही कामी आले, तरच त्या नमस्काराला अर्थ.