पंचविशी, पन्नाशी, पंच्याहत्तरी: उत्सवानंतर गावात काय उरतं?

आज आसनगावात आम्ही विषय घेतला आहे तो स्वातंत्र्याच्या उत्सवांचा. 15 ऑगस्ट 1947 ही तारीख एकच. पण तिची पंचविशी, पन्नाशी, पंच्याहत्तरी साजरी करायची वेळ आली, तेव्हा दर खेपेला कुणीतरी बसून यादी केली. काय करायचं, कुणाला बोलवायचं, कुणाचं नाव दगडावर कोरायचं. ती यादीसुद्धा इतिहासाचा कागदच असतो. आज आपण तो वाचून बघू.

सुरुवात जवळून करू. आपल्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे तिथल्या जंगलात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. कोतवाल माथेरानचे, शिक्षणाने वकील. जन्म 1 डिसेंबर 1912 चा, म्हणजे तिशी नुकती कुठे पूर्ण झालेली. ऑगस्ट 1942 मध्ये गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली. तेव्हा हे भूमिगत झाले, ‘आझाद दस्ता’ उभा केला. काम काय? तर मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायचे. वीज थांबली की गिरण्या आणि कारखाने थांबतात, सरकारच्या युद्धाला खीळ बसते, असा सरळ हिशोब. हिराजींचे वडील गोमाजी पाटीलही याच दस्त्यात होते. बापलेक एका लढ्यात. दर 2 जानेवारीला सिद्धगडावर आजही माणसं जमतात. त्यासाठी पन्नाशी-पंच्याहत्तरी यावी लागत नाही.

आता 1972 कडे या. रौप्यमहोत्सव. दिल्लीत संसदेची मध्यरात्री बैठक झाली, स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले, त्यांच्यासाठी केंद्राची निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. देशभर तालुक्याच्या ठिकाणी दगडी स्तंभ उभे राहिले. एका बाजूला संविधानाची उद्देशिका, दुसऱ्या बाजूला त्या भागातल्या सैनिकांची नावं. आणि त्याच साली महाराष्ट्रात दुष्काळ! इकडे स्तंभासाठी दगड घडवले जात होते, तिकडे दुष्काळी कामांवर बायामाणसं खडी फोडत होती. दोन्ही चित्रं एकाच वर्षाची आहेत, हे आपण विसरू नये.

त्या यादीत नाव यायला काय लागायचं? निवृत्तिवेतनाच्या नियमांत ढोबळमानाने सहा महिन्यांचा तुरुंगवास किंवा तितका काळ भूमिगत राहणं, आणि त्याचा पुरावा. पुढे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या सैनिकांसाठी तुरुंगवासाची अट तीन महिन्यांवर आली. सरकारी पैसा द्यायचा तर पुरावा मागणारच, त्यात गैर काही नाही. पण मंडळी, जरा विचार करा. दस्ता डोंगरात राहतो तेव्हा त्याला भाकरी लागते, पाणी लागतं, वाट दाखवणारा लागतो. पोलीस दारात आले तर ‘आम्ही नाही बघितलं कुणाला’ असं सांगणारी म्हातारी लागते. असा माणूस पकडला गेला नाही, हीच त्याची कर्तबगारी. आणि नेमकं त्यामुळेच त्याच्याकडे कागद नाही. कागद नाही म्हणून स्तंभावर नाव नाही.

मग 1997. सुवर्णमहोत्सव. संसदेत पुन्हा मध्यरात्र जागवली गेली, भीमसेन जोशींचं ‘वंदे मातरम्’ झालं. आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट मात्र त्याआधी काही महिने, डिसेंबर 1996 मध्ये घडली होती. पेसा कायदा आला. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला जमीन, पाणी, गौण वनोपज यांबाबत अधिकार देणारा. शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावं या क्षेत्रात येतात. महाराष्ट्राचे नियम आले 2014 मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. उत्सव तारखेला होतो, हक्क सवडीने येतो.

आणि 2022 तर आपण सगळ्यांनीच पाहिलं. 12 मार्च 2021 ला साबरमतीहून अमृतमहोत्सव सुरू झाला, 15 ऑगस्टच्या आधी सुमारे 75 आठवडे. 13 ते 15 ऑगस्टला घरोघरी तिरंगा, 17 ऑगस्टला सकाळी अकरा वाजता राज्यभर एकत्र राष्ट्रगीत. शाळेतली पोरं मनापासून गायली, त्यात खोट काढू नये. याच निमित्ताने प्रत्येक जिल्ह्यात 75 ‘अमृत सरोवरं’ करायची योजना आली. आम्हाला ही कल्पना आवडली, कारण ती आपल्या दुखण्यावर बोट ठेवते. तानसा 1892 पासून, मोडकसागर 1957 पासून, नंतर भातसा. मुंबई पाणी पिते ते शहापूर तालुक्यातल्या धरणांचं. आणि उन्हाळा आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघतात. 1942 मध्ये मुंबईकडे जाणारी वीज तोडायला माणसं मरायला तयार झाली. आज कुणी काही तोडा असं आम्ही म्हणत नाही. पण उत्सवाच्या यादीत टँकर बंद झालेल्या पाड्यांची मोजणी असावी, एवढं म्हणायला हरकत नसावी.

पुढची दोन वर्षं आपल्यापुढे आहेत. 2 जानेवारी 2043 ला सिद्धगडाची शताब्दी, आणि 15 ऑगस्ट 2047 ला स्वातंत्र्याची. मंडप, बँड, रांगोळी हे शेवटच्या महिन्यातही जमतं. एक गोष्ट तेव्हा जमणार नाही. 1942 मध्ये जे दहा वर्षांचे होते, ते आज नव्वदीपार आहेत. त्यांच्या आणि त्यांच्या मुला-नातवंडांच्या तोंडून जे ऐकायचं ते आत्ताच ऐकायला हवं. कुणाच्या घरून भाकरी गेली, कुणाच्या आजाने वाट दाखवली. गावागावात एक साधी वही घाला. सांगणाऱ्याचं नाव, त्याने ते कुणाकडून ऐकलं, कधी लिहून घेतलं, हे नोंदवा. दोघांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा. फुगवू नका, गाळू नका. मग 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ती वही मोठ्याने वाचा, चुकलं असेल तर गावच दुरुस्त करील.

दगडावर नाव कोरायचं की नाही, ते 2047 मधली पोरं ठरवतील. पण कोरायला नावं तरी त्यांच्या हातात असली पाहिजेत. ती द्यायचं काम आपलं. आता प्रश्न असतील तर विचारा, आम्ही बसलो आहोत.