पीपी नंबरपासून ग्रुपपर्यंत : आपल्या सोसायटीतल्या निरोपांची पंचवीस वर्षे

या स्मरणिकेत बांधकाम, गणपती आणि बाग यांवर इतर मंडळी लिहीत आहेत. माझ्याकडे संपादक मंडळाने निरोपांचा विषय दिला. म्हणजे गेल्या पंचवीस वर्षांत या छत्तीस घरांत बातमी कशी फिरली, ते लिहायचं. विषय किरकोळ वाटेल. पण सोसायटी चालते ती निरोपावरच. पाणी कधी येणार, सभा कधी आहे, कोणाला दवाखान्यात नेलं, हे ज्याला वेळेवर कळतं तो सभासद. ज्याला कळत नाही तो नुसता फ्लॅटचा मालक.

आपली नोंदणी २००० सालची. प्रमाणपत्रावर अहमदनगर आहे, नव्या लेटरहेडवर अहिल्यानगर, आणि बोलताना आपण सगळे नुसतं नगर म्हणतो. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सरकारी दूरसंचार खात्याचं काम बीएसएनएल या कंपनीकडे गेलं. छत्तीस घरांत तेव्हा फोन होते पाच. बाकीच्यांच्या लग्नपत्रिकांवर आणि व्हिजिटिंग कार्डांवर नंबरापुढे ‘पीपी’ लिहिलेलं असे. नव्या पिढीसाठी सांगतो, पीपी म्हणजे फोन शेजाऱ्याचा. शेजारी आपल्याला बोलावून आणणार. रिसीव्हर बाजूला ठेवायचा, घरातल्या पोराला जिन्यातून पिटाळायचं आणि समोरच्याला ‘थांबा हं, येतायत’ म्हणायचं. परगावी बोलायचं तर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ. रात्री दर कमी होत, म्हणून जेवणं आटोपून तिथे रांग लागायची.

या पद्धतीत खासगी असं काही उरायचं नाही. कोणाच्या मुलीला बघायला कोण येणार आहे, ते पीपीवाल्या घराला आधी कळायचं. कटकट होती, पण त्या पोरांना छत्तीसही घरांची दारं माहीत होती.

सोसायटीचा अधिकृत निरोप मात्र सूचना वहीतून फिरायचा. निळ्या पुठ्ठ्याची फुलस्केप वही. सचिव सूचना लिहायचे, शिपाईमामा दारोदार फिरून सह्या आणायचे. आम्हा बँकवाल्यांना ही पद्धत सवयीची. आमच्याकडे साधा कागद दुसऱ्या खात्यात गेला तरी वहीत पोच लागायची. आपल्या वहीत सहीपुढे शेरे आहेत. ‘वाचले. विरोध आहे.’ ‘घरी नव्हतो, उशिरा मिळाली.’ एका गृहस्थांनी तर पार्किंगच्या सूचनेखाली अर्धं पान लिहून ठेवलंय. लेखासाठी वही चाळताना दुपार कधी सरली कळलं नाही.

पाण्याचा निरोप या वहीत मावत नसे. नगरचं पाणी मुळा धरणातून येतं. तिकडे वीज गेली की उपसा थांबतो, वसंत टेकडीवरची टाकी भरत नाही आणि इकडे नळ कोरडे पडतात. ते कळायचं कधी? तर सकाळी नळ उघडल्यावर. मग बायकामंडळी गॅलरीतून एकमेकींना हाका मारायच्या, आणि ती हाक कुठल्याही नोटिशीपेक्षा लवकर पोचायची.

मग मोबाईल आला. देशातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू त्या दिवशी दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत आकार होता, आणि आलेला फोन घेतला तरी पैसे पडायचे. नोकरदार माणसाने लांबूनच बघायची ती वस्तू. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले, आणि खिशात मोबाईल दिसू लागले ते त्यानंतर.

फुकटातली खरी गंमत मिस्ड कॉलची होती. आपल्या पंपाची भाषाच ठरलेली होती : वॉचमनची एक रिंग म्हणजे टाकी भरली, दोन म्हणजे मोटर पाणी ओढत नाही. एक पैसा खर्च नाही. २०११ साली आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंचं जनलोकपालाचं आंदोलन देशभर गाजलं, तेव्हा पाठिंबा म्हणून मिस्ड कॉल द्या असं आवाहन झालं होतं. आपल्याकडच्या कितीतरी जणांनी दिला. पाण्याच्या टाकीची युक्ती दिल्लीपर्यंत गेली, असं आम्ही तेव्हा गमतीने म्हणायचो.

व्हॉट्सॲप अमेरिकेत २००९ साली निघालं आणि २०१४ च्या फेब्रुवारीत फेसबुकने ते विकत घ्यायचं ठरवलं. आपला ग्रुप सुरू झाला त्याच वर्षीच्या गणपतीत, आरतीच्या पाळ्या कळवायला. सुरुवातीला अकरा जण होते. पुढे ५ सप्टेंबर २०१६ ला, नेमकी गणेश चतुर्थी होती, जिओची सेवा सुरू झाली. फुकट इंटरनेट म्हटल्यावर त्या दिवाळीपर्यंत तेहतीस घरं ग्रुपवर आली. लगेच ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. कोणत्या एटीएममध्ये पैसे आहेत, कुठे रांग लहान आहे, हे ग्रुपवर तासातासाला यायचं. मी तेव्हा निवृत्त झालेलो, पण फॉर्म कसा भरायचा हे विचारणारे मेसेज मला रात्री अकरापर्यंत येत होते. त्यानंतर मेंटेनन्सही हळूहळू यूपीआयने येऊ लागला.

सूचना वहीतली शेवटची नोंद २०१७ च्या जूनमधली आहे. वही बंद करा असा ठराव कुठेही नाही. नवे सचिव आले, त्यांनी सूचना टाइप करून ग्रुपवर टाकली, आणि शिपाईमामांची फेरी थांबली.

ग्रुपने काय करून दाखवलं, ते २०२० साली दिसलं. २२ मार्चचा जनता कर्फ्यू, मग लॉकडाऊन. भाजीची यादी, औषधांची यादी, कोणाच्या घरी डबा द्यायचा त्याची यादी, सगळं ग्रुपवर. आपल्या तरुण मुलांनी तिसऱ्या मजल्यावरून दोरीने पिशव्या सोडल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. कुठे खाट आहे, कुठे ऑक्सिजन मिळेल, कोणाच्या रक्तगटाचा प्लाझ्मा हवा, हे रात्री दोन वाजता विचारलं तरी कोणीतरी जागं असायचं. त्या महिन्यात आपले तीन सभासद गेले. खांदा द्यायला जाता आलं नाही. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, आणि त्यावरच समाधान मानावं लागलं.

याच फोनची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, कारण ती आपल्या फाटकापर्यंत आली होती. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज सगळीकडे सुटले होते. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात भिक्षुकीसाठी आलेल्या पाच जणांना जमावाने याच संशयावरून घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं ती, बहुतेक मंगळवेढ्याकडची. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना आपण दारात भिक्षा घातली, ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन आणलं, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये फार फिरलेल्या मेसेजसाठी ते एकावर आणलं.

त्या जुलैत तो मेसेज आपल्याही ग्रुपवर होता, फोटोसकट. दोनच दिवसांनी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या दोन बायका फाटकाशी आल्या आणि चार-पाच जणांनी त्यांना घेरलं. एकाने व्हिडिओ काढायला घेतला. तेवढ्यात ब विंगमधले निवृत्त मुख्याध्यापक खाली आले. ते ग्रुपवर नव्हते. तो मेसेज त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांनी त्या बायकांना नावाने हाक मारली, पाणी दिलं आणि विचारलं, ‘मागच्या महिन्यात का आला नाहीत?’ गर्दी पांगली. गुरुजी आता नाहीत, म्हणून हे इथे नोंदवून ठेवतो.

ग्रुपवर कोणी काही टाकलं तर आत ॲडमिन जाणार, ही भीती त्या काळात फार होती. आपल्या दोन सचिवांनी त्यापायी ॲडमिनपद सोडलं. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं की समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही. निकाल आला तेव्हा तो ग्रुपवर सगळ्यात आधी टाकला कोणी असेल, तर आपल्या माजी सचिवांनीच.

आता लिफ्टच्या वर्गणीबद्दल, ज्यासाठी खरं तर मी हा विषय घेतला. २०२२ साली लिफ्टच्या दुरुस्तीसाठी घरटी जादा वर्गणी ठरली. ठरली कशी? ग्रुपवर प्रस्ताव आला, त्याखाली तेवीस अंगठे पडले, झालं मंजूर. आमच्या बँकेत अंगठ्याला फार मान होता. सही न येणाऱ्या खातेदाराचा अंगठा घ्यायचा तर माणूस समोर हवा, साक्षीदार हवा, शेजारी त्याचं नाव लिहायला हवं. इथे अंगठा कोणाचा, मालकाचा की फोन हातात असलेल्या नातवाचा, हे कोण पाहणार?

तळमजल्यावरच्या आजींकडे बटणाचा फोन. त्यांच्यापर्यंत वर्गणीची गोष्ट पोचलीच नाही. आठ महिन्यांनी बिलात थकबाकी आणि त्यावर व्याज लागून आलं. उपविधीत तेव्हा थकबाकीवर वर्षाला एकवीस टक्क्यांपर्यंत व्याजाची मुभा होती, आणि आपण ती पुरेपूर वापरली होती. आजी काही न बोलता रोख पैसे घेऊन कार्यालयात आल्या. पेन्शनीतले पैसे. वर म्हणाल्या, ‘माझं चुकलं असेल, मला फोनमधलं समजत नाही.’ विशेष म्हणजे त्या लिफ्ट वापरतच नाहीत.

मी सभेत विषय काढला तेव्हा उत्तर मिळालं की निळ्या टिका आल्या होत्या, सगळ्यांनी वाचलंय. सगळ्यांनी म्हणजे ग्रुपवरच्या सगळ्यांनी. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी प्रत्येक सभासदाला गेली पाहिजे. प्रत्येक सभासदाला म्हणजे ‘आय’ नमुन्याच्या रजिस्टरात ज्याचं नाव आहे त्याला. ते रजिस्टर आणि ग्रुपची यादी मी शेजारी ठेवून ताडून पाहिली. रजिस्टरातल्या सात सभासदांचा नंबर ग्रुपवर नव्हता. ग्रुपवर मात्र चार भाडेकरू, दोन परदेशातली मुलं आणि फ्लॅट विकून पुण्याला गेलेले एक गृहस्थ होते, आणि त्यांचाही अंगठा त्या तेविसात होता. कमिटीने पुढच्या सभेत व्याज परत केलं, वर्गणी रीतसर ठरावाने पुन्हा मंजूर केली. कोणी खळखळ केली नाही, हे कमिटीच्या बाजूने लिहायला हवं. सात जणांना आता कागदावर नोटीस जाते आणि सही घेतली जाते.

नव्या यंत्राला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. चोर आले, बिबट्या दिसला, आग लागली, तर गावकऱ्याने एका टोल फ्री नंबरवर फोन करायचा. त्याच्याच आवाजातला निरोप नोंदलेल्या सगळ्या मोबाईलवर एकदम कॉल होऊन जातो. साध्या बटणाच्या फोनवरसुद्धा. स्मार्टफोन नसलेली म्हातारी तिथे धरली आहे, सोडून दिलेली नाही.

या लेखासाठी कागद जमवताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. २००० ते २०१७ चं सगळं सूचना वह्यांत सापडतं. पाऊस कोणत्या वर्षी गच्चीतून झिरपला, रंगाचं टेंडर कोणी हाणून पाडलं, सगळं. त्यानंतर इतिवृत्ताच्या कोरड्या ठरावांखेरीज काही नाही. टाळेबंदीतल्या त्या याद्या कोणाच्या फोनमध्ये होत्या. तो फोन पडला, बदलला, कोणी ‘मेमरी फुल’ म्हणून सगळं पुसलं. मेसेज सर्वांसाठी पुसायची सोय २०१७ मध्ये आली, आपोआप नाहीसे होणारे मेसेज २०२० मध्ये. याच नगरात १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झालं. त्याच्या जुन्या अंकांवर अभ्यासक आजही काम करतात. आणि आपल्याला चार-पाच वर्षांपूर्वी कोणी कोणाला डबा दिला ते सांगता येत नाही. गेलेल्या तीन सभासदांसाठी कोणी काय धावपळ केली, हे त्यांच्या मुलांना दाखवायला माझ्याकडे एक ओळही नाही.

तेव्हा एक विनंती. २०२० आणि २०२१ मधले ग्रुपचे मेसेज ज्यांच्या जुन्या फोनमध्ये असतील त्यांनी तो फोन कार्यालयात आणून द्यावा. चार्जर हरवला असला तरी चालेल, तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर मुलगा बघतो म्हणालाय. प्रिंट काढून फाइल करायचं काम मी घेतलं आहे. खासगी मजकूर वगळला जाईल. नवी सूचना वहीही आणली आहे. ती सुरक्षारक्षकाच्या टेबलावर असते, आणि पहिल्या पानावर आजींची सही आहे.