लाखाला चौदाशे

ग्रुपवर परदेशीपुऱ्याच्या आठवणी निघाल्या की मिलचा भोंगा आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या यावरच गाडी थांबते. मी आज जरा रुक्ष विषय घेतोय. आपल्या लोकांनी घरं बांधली ती कोणत्या पैशानं? अडतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी लोनच्या टेबलावर, तेव्हा एवढं लिहायचा हक्क मला असावा.

निमित्त झालं भाचीचं. ती आणि जावई विजयनगरच्या पुढे फ्लॅट घेतायत, पहिलंच घर. बँकेचं पत्र घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, रेट चांगला आहे ना, तेवढं सांग." तेवढंच सांगून कसं चालेल! मी लोखंडी ट्रंक उघडली.

ट्रंकेत वडिलांचे कागद आहेत. वडील मिलमध्ये क्लार्क होते. मालवा मिल, कल्याण, स्वदेशी, हुकुमचंद, राजकुमार, भंडारी अशा मिलांच्या जोरावर आमचा हा सगळा भाग वसला. नाव परदेशीपुरा, आणि खरोखर सगळे बाहेरचेच. कोणी उत्तरेकडचे, कोणी राजस्थानचे, आपली मंडळी खानदेश-वऱ्हाडातून आलेली. आमच्या गल्लीत बारा घरांत सहा बोली होत्या आणि नळ एक.

वडिलांनी प्लॉट घेतला तेव्हा बँक हा शब्द घरात कोणी उच्चारला नाही. बँका होत्या की. तुकोजीराव महाराजांच्या काळात १९२० साली सुरू झालेली बँक ऑफ इंदौर होती, १९६० मध्ये ती स्टेट बँकेच्या पंखाखाली गेली. पण बँक म्हणजे सियागंजातल्या व्यापाऱ्यांचं काम. पगारदार माणसाला घरासाठी पैसे द्यायचे ही कल्पनाच नव्हती. मग पैसे यायचे कुठून? प्रॉव्हिडंट फंडातून घरासाठी रक्कम काढता यायची, ती काढली. आईच्या पाटल्या गेल्या. बीसीचा नंबर लवकर लागावा म्हणून दोघांच्या हातापाया पडले. आणि तरी कमी पडलं ते सावकाराकडून, दोन टक्क्यांनी. हे दोन टक्के महिन्याचे बरं का. वर्षाचे चोवीस. ट्रंकेत ती चिठ्ठी अजून आहे. मुद्दल कधीच फिटलं होतं असं आई म्हणायची, व्याज मात्र माझ्या मुंजीपर्यंत चाललं.

मी इंदूर विद्यापीठाचा बी.कॉम. १९६९ च्या जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढल्या, भरती निघाली, आणि १९७२ मध्ये मी एका सरकारी बँकेत चिकटलो. तेव्हाही आमच्याकडे घरासाठी लोन जवळजवळ नव्हतंच. शेती, लघुउद्योग, ट्रक, म्हैस, सगळ्याला होतं. घर ही अनुत्पादक गोष्ट मानली जायची. १९७७ मध्ये मुंबईत हसमुखभाई पारेखांनी एचडीएफसी काढली. आयसीआयसीआयमधून निवृत्त झाल्यावर, म्हणजे ज्या वयात आपण सकाळी फिरायला जातो त्या वयात. आमच्या स्टाफरूममध्ये लोक हसले होते. पगारदाराला पंधरा-वीस वर्षांसाठी पैसे देणार आणि तो फेडणार? पण पगारदार माणसाइतका व्याजाला घाबरणारा कर्जदार दुसरा नाही, हे त्या माणसानं ओळखलं. पुढे १९८८ मध्ये नॅशनल हाउसिंग बँक आली, १९८९ मध्ये एलआयसीची हाउसिंग फायनान्स, आणि आमच्यासारख्या बँकांनाही घरासाठी ठराविक रक्कम बाजूला काढायला सांगितलं गेलं.

त्या काळात कॅल्क्युलेटरवर लांबलचक सूत्र कोण करणार! एक छापील तक्ता असायचा आणि तोंडी हिशेब 'लाखाला किती' असा. नव्वदच्या दशकात व्याज पंधराच्या घरात होतं. पंधरा टक्के, पंधरा वर्षं, तर लाखाला महिना चौदाशे. एक लाख घेतले की शेवटी अडीच लाखांवर परत द्यायचे. हाच आकडा ऐकून काउंटरवरून उठून गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणखी एक भानगड होती, जी आता कोणाला आठवत नाही. काही ठिकाणी किस्त दर महिन्याला घ्यायचे पण मुद्दलातून वर्षाच्या शेवटी एकदाच वजा करायचे. म्हणजे एप्रिलमध्ये भरलेल्या पैशावर मार्चपर्यंत व्याज चालूच. कागदावर दर तोच, पण खिशातून जास्त. ज्यानं विचारलं त्याला कळलं. विचारायचे फार थोडे.

आणि कागद! १९८४ मध्ये झोपडपट्टीतल्या भूमिहीनांना पट्टे देण्याचा कायदा मध्यप्रदेशात झाला. त्यानं पुष्कळांच्या डोक्यावरची टांगती तलवार गेली हे खरं, पण तो पट्टा घेऊन माणूस आमच्याकडे आला की आम्हाला नाही म्हणावं लागे, कारण तो विकता येत नाही आणि जे विकता येत नाही ते गहाण काय ठेवणार. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याचाच कागद कच्चा. त्याला परत तोच दोन टक्केवाला.

आता दादांची गोष्ट. आमच्या मागच्या गल्लीत राहायचे, एका मिलमध्ये लूमवर होते. कोणती मिल ते जाऊ द्या. स्वतःचा प्लॉट, पक्की रजिस्ट्री, वर पत्र्याचं छत. १९८९ मध्ये त्यांना खाली दोन खोल्या पक्क्या बांधायच्या होत्या, म्हणून मी चाळीस हजारांचं लोन करून दिलं. किस्त सव्वापाचशेच्या घरात. माणूस सरळ, कागद स्वच्छ, वकिलाचा सर्च रिपोर्ट ठीक. मी ओव्हरटाइम धरून पगार मोजला, तेवढी ढील सगळेच देत. आणि दोन जामीनदार घेतले, दोघंही त्यांच्याच खात्यातले मित्र. नियमात बसत होतं. साहेबांनी शाबासकी दिली.

नव्वदच्या पुढेमागे इंदूरच्या मिला एकेक करून आचके द्यायला लागल्या. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली, ५,८९५ कामगार त्या दिवशी रस्त्यावर आले. त्यांच्या देण्याचा निकाल लागून २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षं. दादांची मिल वेगळी, पण कुलूप सारखंच.

पहिल्या तीन किस्ती कशाबशा आल्या. मग सात महिने काही नाही. नियमाप्रमाणे मी जामीनदारांना नोटीस काढली, आणि पत्ता टाइप करताना माझ्या हाताला घाम फुटला. दोघंही त्याच कुलपाच्या बाहेर बसलेले! एका फांदीवर तिघांना मीच बसवलं होतं. मिल डगमगते आहे हे गल्लीतल्या पोरालाही माहीत होतं, मी तर वडिलांच्या तोंडून रोज ऐकत होतो. तरी फॉर्मवर 'नोकरी कायम' असं लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात.

वरून दावा दाखल करायची चिठ्ठी आली. मी संध्याकाळी दादांकडे गेलो, बँकेतर्फे नाही, असाच. वहिनींनी चहा केला, आणि दादा काहीच बोलले नाहीत. वहिनीच म्हणाल्या, "भाऊ, खालच्या खोल्या भाड्यानं देतो आणि आम्ही वर पत्र्यात राहतो. चालेल का बँकेला?" लोन घेऊन बांधलेल्या खोल्या, आणि त्यात राहायचं भाडेकरूनं. मी किस्तीची मुदत वाढवून प्रस्ताव पाठवला, दोनदा परत आला, तिसऱ्यांदा मंजूर झाला. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली काय होत असेल ते मे महिन्यातलं इंदूर ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. दादांनी मालवा मिल चौराह्यावर भाजीचा ठेला लावला. खातं २००१ मध्ये बंद झालं. रजिस्ट्री मात्र सापडेना. माझी बदली झालेली, शाखेचं रेकॉर्ड हललेलं, पाच महिने त्यांनी चकरा मारल्या. आता तसं केलं तर बँकेला महाग पडतं. डिसेंबर २०२३ पासून नियम आहे की पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला पाच हजार. भाचीला मी ही ओळ वहीत लिहायला लावली.

मध्यंतरी व्याजाची दुनियाच बदलली. १९९४ पर्यंत कर्जाचे दर रिझर्व्ह बँक ठरवायची, मग दोन लाखांवरच्या कर्जासाठी बँकांना मोकळीक मिळाली. २००३-०४ च्या सुमारास घरकर्ज साडेसातच्या आसपास आलं. लाखाला साधारण सव्वानऊशे. मला आठवतंय, लोक पेढे घेऊन यायचे. पण त्यातच 'फ्लोटिंग' आलं. दर वर गेला की पत्र लगेच, खाली आला की जुन्या गिऱ्हाईकाला कोणी सांगायचं नाही. नवीन माणसाला स्वस्त, जुन्याला महाग, शाखा तीच. रिझर्व्ह बँकेनं २०१० मध्ये बेस रेट आणला, २०१६ मध्ये एमसीएलआर, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन फ्लोटिंग घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या मापाला बांधली. मी तोवर रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती. प्रत्येक वेळी कारण एकच, आधीच्या पद्धतीत घट खाली पोचत नव्हती.

आता ती पोचते, पण वाढही तशीच पोचते. आमच्या शेजारच्या मुलानं २०२१ मध्ये तीस लाख घेतले, ६.७ टक्के, वीस वर्षं, किस्त २२,७२२. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो अडीच टक्के चढला. त्याचा दर ९.२. किस्त तीच राहिली म्हणून तो खूश होता. मी स्टेटमेंट मागितलं. शिल्लक २९ लाखांच्या आसपास, महिन्याचं व्याज २२,२०० च्या वर, मुद्दलात जाणारे पाचशे रुपयेसुद्धा नाहीत. त्या चालीनं कर्ज फिटायला चाळीस वर्षांच्या वर लागली असती. तो तेव्हा तेहतिशीचा होता, म्हणजे माझ्या आजच्या वयाचा होईपर्यंत किस्त! ठरलेल्या मुदतीत फेडायचं तर किस्त २७,४०० च्या जवळ न्यायला हवी होती. त्याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दर बदलताना किस्त वाढवायची की मुदत हे गिऱ्हाईकाला विचारा. न विचारता मुदत वाढते तिथंच माणूस फसतो. २०२५ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रेपो एक टक्का उतरला, तेव्हा मी त्याला किस्त कमी करू दिली नाही.

तर भाची. फ्लॅट ५७ लाखांचा, लोन ४५ लाख, आठ टक्के, वीस वर्षं. लाखाला ८३६, किस्त ३७,६४० च्या आसपास. चौदाशेच्या मानानं स्वस्तच. पण पहिल्या महिन्यात त्यातले तीस हजार व्याज, आणि वीस वर्षांत एकूण नव्वद लाख. वर्षाला एक किस्त जास्त भरली तर तीन वर्षांहून अधिक कमी होतात, आणि फ्लोटिंग घरकर्ज लवकर फेडलं म्हणून बँक दंड घेऊ शकत नाही, २०१२ पासून. हे तिला माहीत नव्हतं. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ऐंशी टक्क्यांवर देत नाही, आणि रजिस्ट्रीचा खर्च त्या किमतीत धरत नाही. आपल्याकडे तो दहा टक्क्यांच्या पुढेच जातो. त्यांच्याजवळ तेरा लाख होते. उरलेल्यासाठी जावई पर्सनल लोन काढणार होते. मी म्हटलं, हा तर दोन टक्केवालाच झाला, फक्त टाय घातलेला. लोनच्या रकमेत विम्याचा एकरकमी प्रीमियमही गुपचूप मिळवलेला होता. विमा घ्यावा, पण वेगळा, आणि आपल्या मर्जीनं. तो काढायला सांगितला.

सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "मामा, आता जामीनदार लागत नाही ना?" नाही लागत, म्हटलं. मग फॉर्म पुन्हा पाहिला. अर्जदार ती, सहअर्जदार जावई. नोकरीच्या रकान्यात दोघांचीही एकच कंपनी, सुपर कॉरिडॉरवरची, एकच इमारत.

मी तिला मागच्या गल्लीत घेऊन गेलो. दादा आता नाहीत. वहिनी खालच्या खोलीत राहतात, वर मुलानं पक्कं बांधलंय. त्यांनी भाचीला पत्र्याच्या दिवसांचं सांगितलं, हसत हसतच सांगितलं. आठ दिवसांनी भाचीचा फोन आला. दोघांनी एकाच पगारावर किस्त बसवून पाहिली, ती ३६ लाखांपर्यंतच बसते. ते आता सुखलियाकडे जुना दोन खोल्यांचा फ्लॅट बघतायत. कागद बघायला रविवारी मला बोलावलंय.