वाफेचा बंब : एका नाकारलेल्या यंत्राची कथा

जॉन ब्रेथवेट आणि जॉन एरिक्सन यांनी १८२९ मध्ये लंडन येथे वाफेवर चालणारा पहिला आगीचा बंब तयार केला. सुमारे १० अश्वशक्तीचे हे यंत्र घोडेच ओढत. वाफेचा उपयोग केवळ पंपापुरता होता. मराठीत न्हाणीघरातील पाणी तापविण्याच्या भांड्यालाही बंबच म्हणतात. या यंत्राला दोन्ही अर्थ लागू पडतात.

तोपर्यंत पंपाचे दांडे माणसे वरखाली करीत आणि थोड्याच वेळात थकत. शिवाय पंपाचा दट्ट्या पाणी धक्क्याधक्क्याने फेकतो. त्यासाठी हवेची बंद टाकी जोडीत. दाबाच्या वेळी तीतील हवा आकुंचन पावे, दाब ओसरताच प्रसरण पावून पाणी पुढे ढकली आणि धार अखंड राही.

फेब्रुवारी १८३० मध्ये लंडनमधील 'आर्गाइल रूम्स' या इमारतीला आग लागली. कडाक्याच्या थंडीने हातपंप गोठले. ब्रेथवेट यांचे यंत्र मात्र सुमारे पाच तास चालले. तरीही ते स्वीकारले गेले नाही. १८३३ पासून लंडनच्या अग्निशमन दलाचे प्रमुख असलेले जेम्स ब्रेडवुड यांचा आग्रह ज्वाळांजवळ जाऊन पाणी मारण्याचा होता. जोरदार धारेमुळे जवान दूरच थांबतील, अशी त्यांना भीती वाटे. ती अगदीच निराधार नव्हती, पण तिची किंमत तीन दशकांचा विलंब ही होती.

१८६० मध्ये दलाने वाफेचा बंब भाड्याने घेतला. पुढच्याच वर्षी, २२ जून रोजी, टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत कोसळून ब्रेडवुड मृत्युमुखी पडले. १८६३ मध्ये क्रिस्टल पॅलेस येथील स्पर्धेत मेरीवेदर कंपनीच्या 'सदरलँड' बंबाने मोठ्या गटात पहिले पारितोषिक मिळविले.