शोकेसमधला राजहंस

डोंबिवली-कल्याणच्या ब्लॉकसंस्कृतीचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर एक प्रकरण शोकेसला द्यावे लागेल. १९८०च्या दशकात दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही टीव्हीशेजारी सरकत्या काचांचे हे दुसरे देवघर असे आणि त्यात संगमरवरी ताजमहालाच्या बाजूला काचेचा राजहंस तरंगत असे. लहानपणी त्याला हात लावण्याची आम्हांस बंदी होती. बंदी उठल्यावर मात्र प्रश्न पडला: राजहंसच का? बाकदार मानेचा हा शुभ्र पक्षी युरोपातल्या तळ्यांवरचा. कल्याणच्या काळ्या तलावावर तो कोणी पाहिला असण्याचा संभव नाही.

उत्तर काव्यात शोधण्याचा मोह होतो. ते आहे ज्योतीत. प्रदर्शनात गॅसच्या ज्योतीवर काचेची कांडी फिरवणारा कारागीर आम्ही पुष्कळ वेळ न्याहाळला आहे. कांडीचे टोक मऊ होऊन गोळा होतो, चिमट्याने तो ओढला की आपोआप बारीक होत जाणारी रेघ निघते आणि मनगट वळवले की मान तयार. वितळती काच स्वभावतःच हंसाकडे झुकते. बैल किंवा बिबट्या घडवायचा तर तिच्याशी झगडावे लागते.

हे प्राणी आमच्याकडे मराठी भट्टीतून आले नाहीत. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा मागून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. जपानात ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे होते. पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोहोचला. स्वदेशीच्या त्या पिढीला उजेड हवा होता, शोभा नव्हे. मराठी काचेने चिमणी घडवली ती कंदिलाची! शोभेच्या प्राण्यांसाठी आम्ही फिरोजाबादकडे पाहिले.

या राजहंसाचे श्रीमंत भावंड म्हणजे पैलूदार क्रिस्टलचा प्राणी. त्याची कुळकथा वेगळी. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने काचेत शिशाचे ऑक्साइड मिसळले. त्याने प्रकाश अधिक वाकू लागला आणि काच कापण्यास सोपी झाली. ऑस्ट्रियातील वॅटेन्स येथे डॅनियल स्वारोव्स्कीने १८९५ साली यंत्राने पैलू पाडण्याचा उद्योग थाटला. तेथेच १९७६ साली झुंबराचे सुटे लोलक चिकटवून एक उंदीर तयार झाला. जन्म असा अडगळीतला. पण १९८७ साली संग्राहकांची संस्था निघाली, वर्षापुरत्याच मिळणाऱ्या मूर्ती आल्या आणि सील, देवमासे, हत्ती, पुढे पांडा व वाघ असे संकटात सापडलेले जीव कपाटांत जमू लागले. जंगलात विरळ होत चाललेला प्राणी मर्यादित आवृत्तीत विकण्याची ही कल्पना आम्हांला काहीशी अस्वस्थ करते. दुर्मिळतेची किंमत दोन्हीकडे आहे, पण ती फेडतो एकटा वाघ.

काचेला निरीक्षण जमतच नाही असे मात्र नव्हे. ड्रेस्डेनच्या लिओपोल्ड ब्लाश्का यांनी १८६३पासून आणि पुढे पुत्र रुडॉल्फ यांच्यासह संग्रहालयांसाठी जेलीफिश आणि समुद्रफुले काचेत घडवली, कारण स्पिरिटच्या बरणीत त्या जीवांचे रंग आणि आकार दोन्ही नाहीसे होत. त्यांचीही साधने ज्योत आणि चिमटा हीच.

म्हणून ठाण्याची खाडी पाहताना आम्हांला राहून राहून आश्चर्य वाटते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून येथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. २०१५ साली अभयारण्य जाहीर झाले, २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. मान हंसासारखी लांब, वळण तितकेच सुबक, वर गुलाबी रंग! तरीही काचेचा रोहित आमच्या पाहण्यातल्या एकाही शोकेसमध्ये नाही. कारागीर म्हणेल, पाय फार बारीक, पार्सलात मोडतील. पण पाणी गुडघ्यापर्यंत दाखवले तर ती अडचण उरत नाही. ओहोटीला खाडीत तो बहुधा तसाच उभा असतो.